पट्टा सैल आहे

अमेरिकेतल्या बॉथेल-बेलव्ह्यूकडच्या मराठी घरांत कुणाला मनगटावर बांधायचं फिटनेसचं घड्याळ घ्यायचं झालं, की आधी देवदत्त रिसबूडला फोन जायचा. देवदत्त एकसष्ट वर्षांचा, मूळचा नागपूरचा, बेलव्ह्यूच्या एका ऑफिसात बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारा. दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट शोधायचा आपल्याला पगार मिळतो, असं तो हसत सांगायचा. घड्याळांचा नादही त्यातूनच लागला. नवं मॉडेल आलं की तो ते आणायचा, दोन्ही हातांवर दोन घड्याळं बांधून आठवडाभर हिंडायचा आणि कोणतं कुठे थापा मारतं ते बरोबर लक्षात ठेवायचा.

फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "तुम्ही व्यायाम काय करता ते सांगा. काय करणार आहात ते नको."

या प्रश्नावर भलेभले अडखळायचे. ऑफिसातल्या नकुलनं त्याचं न ऐकता डोंगर चढणाऱ्यांचं, नकाशे दाखवणारं भलंमोठं घड्याळ घेतलं आणि ते घालून तो पार्किंग लॉटमधून लिफ्टपर्यंत चालत राहिला. रेखामावशींची तक्रार वेगळीच होती. वीस पोळ्या लाटल्या की त्यांच्या हातातला बँड तीनशे पावलं दाखवी, आणि दुकानात तासभर ढकलगाडी ढकलत फिरल्या तर एकही नाही. "हात हलला की त्याला पाऊल वाटतं, मावशी," देवदत्त समजावायचा. "गाडीच्या दांड्यावर हात स्थिर असतो, म्हणून त्याला वाटतं तुम्ही उभ्याच आहात." पोहणाऱ्याला एक, वजनं उचलणाऱ्याला दुसरं, नुसतं चालणाऱ्याला साधं, स्वस्त, आठवडाभर चार्ज टिकणारं. त्याचा सल्ला सहसा चुकत नसे.

मनोहर गद्र्यांसाठी घड्याळ त्यानंच निवडलं होतं.

मनोहरराव सहासष्ट वर्षांचे, रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनिअर. शनिवार-रविवारी सकाळी दोघं नदीकाठच्या पायवाटेवर चार मैल चालायचे. इतर दिवशी मनोहरराव एकटेच जायचे. त्यांना हवा होता पावलं मोजणारा साधा बँड. देवदत्तनं ऐकलं नाही. मनोहररावांचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेले होते, हे त्याला ठाऊक होतं.

"तुम्हाला पावलं मोजणारं नको, ठोके बघणारं पाहिजे," तो म्हणाला. "ठोक्यांची लय बिघडली तर हे स्वतःहून सांगतं."

"म्हणजे हातावर सासू बांधायची," मनोहरराव म्हणाले. पण घेतलं.

ऑक्टोबरातला दुसरा रविवार. नदीवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. लाकडी पुलाजवळच्या बाकावर मनोहरराव बुटाची नाडी बांधायला बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी मनगट पुढे केलं.

"हे बघ रे. एकशे अठरा. मी नुसता बसलोय. कालपण दुपारी असंच, आणि वर इंग्रजीत काहीतरी मेसेज आला, लय बरोबर वाटत नाही म्हणून."

देवदत्तनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला, घड्याळाच्या पट्ट्याखाली करंगळी घातली. करंगळी सहज आत गेली.

"अहो, पट्टा सैल आहे. सैल पट्ट्यात बाहेरचा उजेड शिरतो, मग ते काहीच्या बाही दाखवतं." त्यानं पट्टा एक भोक घट्ट केला. दोघं आकड्याकडे बघत राहिले. एकशे बारा. शंभर. ब्याऐंशी.

"वा रे पठ्ठ्या!" मनोहरराव म्हणाले आणि उठले. दोघांनी उरलेले दोन मैल पुरे केले. घरी जाताना ते इशिताबद्दल, त्यांच्या मुलीबद्दल बोलत होते. ती पोर्टलंडला होती आणि दिवाळीला यायची होती.

गुरुवारी सकाळी एका सायकलवाल्याला मनोहरराव त्याच बाकापाशी पडलेले दिसले. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. डॉक्टर म्हणाले, ठोक्यांची लय बिघडली की हृदयात गुठळी तयार होते आणि तिथून ती वर जाते. बरेच दिवस येऊन-जाऊन असणार. शनिवारी दुपारी ते गेले.

येऊन-जाऊन. देवदत्त हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभा होता, हे शब्द त्यानं ऐकले आणि त्याच्या करंगळीला पट्ट्याखालचा घाम जाणवला. ब्याऐंशीचा आकडा पट्ट्यामुळे आलाच नव्हता. तो आला होता कारण त्या मिनिटाला लय आपोआप परतली होती.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सुहासिनी त्याच्याशेजारी उभी राहून मनोहररावांच्या पत्नीच्या, शैलावहिनींच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि तो भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं बघत होता.

दहावा दिवस गद्र्यांच्या परसात झाला. गुरुजी सांगलीहून व्हिडिओवर होते. बॉथेलला कावळ्यांची कमी नाही. हिवाळा लागला की संध्याकाळी कॉलेजमागच्या पाणथळीत हजारोंनी उतरतात, आभाळ काळं होतं. त्या दुपारी मात्र कुंपणाच्या फळीवर एकच येऊन बसला. पिंडाकडे बघितलं, मान वाकडी करून माणसांकडे बघितलं, आणि जागचा हलला नाही. अर्धा तास गेला. "आईकडे लक्ष देईन, बाबा," इशिता मराठीत म्हणाली, मग इंग्रजीत तेच पुन्हा म्हणाली. कुणी म्हणालं, घर विकणार नाही. कुणी म्हणालं, तुमची पुस्तकं जपून ठेवू. कावळा तसाच. देवदत्त मागे उभा होता. काय बोलायला हवं होतं ते फक्त त्याला माहीत होतं. तो आणखी एक पाऊल मागे सरकला. कावळा उडून गेला. शेवटी गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करा, पिंडाला शिववा, शास्त्राला चालतं.

त्यानंतर देवदत्तनं घड्याळांचे फोन घेणं सोडलं. "माझा आता अभ्यास राहिला नाही," असं सांगायचा. स्वतःची दोन्ही घड्याळं काढून त्यानं खणात टाकली. तरी चालताना डाव्या मनगटावर थरथर जाणवायची, मेसेज आल्यासारखी. तो बाही वर करून बघायचा. रिकामी कातडी, आणि इतक्या वर्षांच्या पट्ट्यानं पडलेला पांढरा वळ.

नोव्हेंबरच्या शेवटी एक गोष्ट घडली. त्याच्या फोनमधल्या ॲपमध्ये मित्रांची यादी होती. कोण किती चाललं ते रोज दिसे. मनोहररावांचं नाव त्यानं काढलं नव्हतं, त्याला काढवलं नव्हतं. नावासमोर रोज शून्य असे. त्या सकाळी ऑफिसला निघताना सहज उघडलं, तर त्या नावापुढे आकडा होता. दोनशे बारा.

तो गॅरेजमध्ये गाडीचा दरवाजा धरून उभा राहिला. सर्व्हरचा घोळ असेल, त्यानं मनाशी म्हटलं. अशा घोळांवरच तर आपली नोकरी चालते. दुसऱ्या दिवशी दोनशे चाळीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोनशे बारा. वेळ रोज तीच, सकाळी पावणेसातच्या सुमारास. मनोहरराव फिरायला निघायचे ती वेळ.

ज्यानं आयुष्यभर बिघाडाचं कारण शोधलं, त्यानं या एका बिघाडाचं कारण शोधलं नाही. इशिताला मेसेज करणं सोपं होतं. गद्र्यांचं घर सात मिनिटांवर होतं. पण तो रोज पावणेसातला फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहायचा आणि आकडा वाढताना बघायचा. चाळीस. नव्वद. दीडशे. जणू कुणी धुक्यातून हळूहळू चालत येत होतं आणि दर वेळी दारापर्यंत येऊन परत फिरत होतं.

"काय बघतोस रे रोज?" सुहासिनीनं विचारलं.

"वेदर," तो म्हणाला.

त्याचं जेवण कमी झालं. नदीकाठच्या वाटेवर जाणं त्यानं बंद केलं, मग महिन्याभरानं एकदा गेला, तर पुलाजवळच्या बाकावर तपकिरी टोपी घातलेला कुणी म्हातारा वाकून नाडी बांधत होता. देवदत्त तिथूनच उलटा फिरला. गाडीपर्यंत येईतो त्याला मागे पावलं ऐकू येत राहिली. ती त्याचीच होती, हे त्याला कळत होतं.

जानेवारीत शैलावहिनींचा फोन आला.

"भाऊजी, मला घड्याळ घ्यायचंय. तुम्ही याल का?"

"वहिनी, मी ते काम सोडलं. आमच्या ऑफिसातल्या मिहीरला विचारा ना, त्या मुलाला सगळं..."

"मिहीरला नाही विचारायचं. शनिवारी चहाला या."

शनिवारी तो एकटाच गेला. शैलावहिनींनी दार उघडलं. बारीक चणीच्या बाई, तीन महिन्यांत आणखी वाळल्या होत्या. चहाचा कप ठेवताना त्यांच्या स्वेटरची बाही मागे सरली आणि देवदत्तला ते दिसलं. मनोहररावांचं घड्याळ. शेवटच्या भोकात अडकवलेलं, तरी बांगडीसारखं खालीवर होत होतं.

"तुम्ही घालता हे?"

"दहाव्यानंतर महिनाभरानं घातलं. सकाळी यांची बाहेर पडायची वेळ झाली की घरात बसवत नाही. मग हे बांधून टपालपेटीपर्यंत जाते आणि येते. तेवढंच."

दोनशे बारा पावलं. देवदत्तनं कप खाली ठेवला. दोन महिने ज्याला तो भीत होता, ती ही बाई होती, सपाता घालून टपालपेटीपर्यंत जाणारी. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

"आता हे नको," वहिनी म्हणाल्या. "मोठं होतं. मला माझं हवंय. विचारा तुमचा तो प्रश्न."

"कुठला?"

"काय करता ते सांगा म्हणून. यांनी तुमची नक्कल कितीदा करून दाखवली आहे."

त्यानं विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. वहिनींनी सांगितलं. दोन आठवड्यांपासून त्या मंगळवारी आणि शुक्रवारी गावच्या बंदिस्त पोहण्याच्या तलावावर जात होत्या. लहानपणी सांगलीला कृष्णेत पोहायच्या. मनोहररावांना पाण्याची भीती, म्हणून चाळीस वर्षं पाण्यात पाय घातला नव्हता. पंचवीस मिनिटं पोहतात, मध्ये दम खायला कडेला थांबतात. बाकी दिवशी चालणं नाही, घरकाम. बोटांचे सांधे धरलेले, त्यामुळे बारीक बक्कल लागत नाही. आणि चार्जिंगला लावायचं रोज विसरणार, हे आधीच सांगून ठेवते.

देवदत्त हळूहळू कामाला लागला. पाण्यात मनगटावरचा आकडा बेभरवशाचा, कारण पट्ट्याखाली पाणी शिरतं. छातीला बांधायचा पट्टा अचूक, पण वहिनी म्हणाल्या, तो मी बांधणार नाही. मग दंडावर चढवायची पट्टी, पोहण्यापुरती. तिथे मांस असतं, ती हलत नाही. आणि दिवसभरासाठी छोटा, हलका बँड. बक्कल नको, दाबून चिकटवायचा वेल्क्रोचा पट्टा. ठोक्यांची लय बघणारा. अक्षरं मोठी.

"लय बघणारा हवाच का?" वहिनींनी विचारलं.

"हवाच," तो म्हणाला.

वहिनी त्याच्याकडे बघत होत्या. "यांनी त्या रविवारी घरी आल्यावर सांगितलं मला. देवदत्त म्हणाला, पट्टा सैल आहे. घट्ट केला तर आकडा उतरला."

देवदत्तनं मान वर केली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही कुणालाच..."

"ऐका. शनिवारी तो मेसेज आला तेव्हाच मी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली होती, ऑनलाइन. मंगळवारची. हे म्हणाले, आता कशाला, देवदत्तनं बघितलंय ना. मी म्हटलं, बरं बाई, सुटलो. आणि सोमवारी सकाळी मीच ती कॅन्सल केली. या बोटानं." त्यांनी सुजलेलं बोट वर केलं. "इशिताला हे सांगितलेलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय."

देवदत्त रडायला लागला. वहिनींनी त्याला थांबवलं नाही आणि धीरही दिला नाही. बऱ्याच वेळानं त्या उठल्या आणि निवलेला चहा मोरीत ओतून आल्या.

"माझा तुमच्यावर राग आहे, भाऊजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? कधी तुमच्यावर असतो, कधी माझ्यावर, कधी यांच्यावर. एवढे इंजिनिअर, स्वतःच्या अंगात काय चाललंय ते कळू नये? सकाळी एकावर असतो, संध्याकाळी दुसऱ्यावर."

"मग मला का बोलावलंत?"

"कारण या गावात आता तुमच्याइतकं घाबरून घड्याळाकडे बघणारा दुसरा माणूस नाही."

त्यानं त्या दिवशी घरी येऊन सुहासिनीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "मला वाटत होतं तुझं काहीतरी दुखतंय आणि तू लपवतोयस," ती म्हणाली. "मी रात्री तुझा श्वास मोजायचे." मग सुरी पुन्हा उचलत म्हणाली, "बोलला असतास तर मी काय केलं असतं रे?"

बँड आला. देवदत्तनं वहिनींना तो बांधायला शिकवला. मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर, हलू नये इतका घट्ट, वळ पडू नये इतका सैल. मनोहररावांचं घड्याळ वहिनींनी बंद करून ठेवून दिलं. ॲपमधलं त्यांचं नाव पुन्हा शून्यावर आलं, आणि देवदत्तला कबूल करावं लागलं की पावणेसातला त्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं. धुक्यातून येणारं ते कुणीतरी आता येत नव्हतं.

लोकांचे फोनही तो हळूहळू घ्यायला लागला. तोच प्रश्न, तीच उत्तरं. शेवटी मात्र एक वाक्य वाढलं होतं. "त्यानं काही भलतंसलतं दाखवलं तर मला फोन करायचा नाही. डॉक्टरला करायचा." तरुण पोरं हसायची. "काका, चिल," अक्षत नावाचा एक मुलगा म्हणाला. देवदत्त हसला नाही.

मार्चमधल्या एका शुक्रवारी, सकाळी साडेदहाला, तो मीटिंगमध्ये असताना वहिनींचा फोन आला.

"तलावावर आहे. बाहेर येऊन वीस मिनिटं झाली, बसलेय. एकशे चोवीस दाखवतंय. पट्टा घट्टच आहे, मी दोनदा बघितलं."

"पट्ट्याचं सोडा. छातीत दुखतंय? बोलताना जीभ जड वाटतेय? नाही ना? डॉक्टरांच्या नर्सला आत्ता फोन लावा. आणि तिथल्या बाईंना सांगा, माझ्याजवळ बसून राहा म्हणावं. मी निघालोच."

हायवेवर त्यानं गाडी कशी चालवली ते त्याला नंतर आठवलं नाही. नर्सनं लगेच या म्हणून सांगितलं होतं. वहिनींचे केस ओले होते, खांद्यावर तलावाचा टॉवेल तसाच. क्लिनिकमध्ये त्यांना आत नेलं आणि देवदत्त बाहेर निळ्या खुर्चीवर बसला. समोरच्या भिंतीवर बदकांचं चित्र होतं. त्याच्या मनगटावर थरथर झाली. त्यानं बाही वर केली नाही.

पाऊण तासानं दार उघडलं. हातात कागद घेतलेल्या नर्सनं खोलीभर नजर फिरवली.

"मिस्टर गद्रे?"

देवदत्त उठून उभा राहिला.

उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं. बोलायला तोंड उघडलं, पण नर्स वळून चालायलाही लागली होती, आणि आत वहिनी एकट्या होत्या. तो तिच्यामागून गेला. लांब कॉरिडॉर होता, फरशी नुकतीच पुसलेली, तिच्यावर त्याच्या बुटांचा आवाज होत होता. डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी तो थांबला आणि म्हणाला, "मी गद्रे नाही. ते वारले. मी त्यांचा मित्र."

"ओ, आय ॲम सो सॉरी," नर्स म्हणाली.

वहिनींनी ते ऐकलं होतं. छातीवर ईसीजीच्या तारा अजून तशाच होत्या. त्यांनी देवदत्तकडे बघितलं. शेजारची खुर्ची पायानं त्याच्याकडे सरकवली.

ठोक्यांची लय शाबूत होती. तरुण डॉक्टरीण म्हणाली, तुम्ही पूर्वीपासून घेताय त्या थायरॉइडच्या गोळीचा डोस या वजनाला जास्त होतोय. वजन उतरलं, गोळी तीच राहिली, म्हणून हृदय पळतंय. रक्त तपासू, डोस कमी करू, वेळेवर आलात ते चांगलं केलंत. आणखी काही महिने असंच चाललं असतं तर लयही बिघडली असती.

"वेळेवर," वहिनी मराठीत म्हणाल्या, कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

परतताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. झाडांना नुकती पालवी फुटली होती आणि पाऊस भुरभुरत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "यांनाही त्याच खोलीत बसवलं असतं, नाही का? मंगळवारी."

"हो," देवदत्त म्हणाला.

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न वाजवला तरी त्याला गाडी पुढे काढायला जरा वेळ लागला. घर आल्यावर उतरताना त्यांनी विचारलं, इशिताला आजच्याबद्दल फोन करायचाय आणि त्या मंगळवारचंही सांगून टाकायचंय, तर तुम्ही थोडा वेळ थांबाल का?

देवदत्तनं गाडी बंद केली आणि तो त्यांच्यामागून घरात गेला.